काट्यावर ५८, भिंतीवर ८९ : भांडारातल्या बुरशीचं एक प्रकरण

नाव, गाव आणि वस्तूंची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, बाकी घडलं त्या क्रमानेच लिहितोय. छोट्या संग्रहाच्या भांडारात काम करणाऱ्यांना उपयोग होईल, आणि आमच्या चुका वाचून कोणी एक जण जरी हातातला फडका खाली ठेवेल तर बरंच झालं.

पार्श्वभूमी

छोटं संग्रहालय, तळमजल्यावर एक भांडार, साधारण ९ मीटर बाय ६ मीटरची खोली. त्यात ११ लाकडी कपाटं, प्लायची पाठ असलेली. आत चामडी बांधणीच्या जुन्या नोंदवह्या, सुट्या हस्तलिखितांची बाडं, गुंडाळलेले नकाशे, फोटोंचे अल्बम, थोडी वस्त्रं. एसी नाही, एक एक्झॉस्ट फॅन आणि एक डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र. मधल्या खांबावर आर्द्रता मोजायचं काट्याचं हायग्रोमीटर, दिवसातून दोनदा त्याचं रीडिंग घेऊन वहीत टिपायचं हे माझं काम.

आमचा नियम सोपा होता, आर्द्रता ६५ च्या खाली आहे ना, मग काळजी नाही. नियम चुकीचा नाहीये, बहुतेक बुरशींना वाढायला वस्तूच्या पृष्ठभागाशी ७५–८० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, काही मोजक्या कोरड्यात जगणाऱ्या जाती त्याच्याही खाली तग धरतात म्हणून ६५ ही मर्यादा धरतात. अडचण अशी की हा आकडा वस्तूला लागून असलेल्या हवेचा असायला हवा आणि आम्ही खांबाला लागून असलेल्या हवेचा टिपत होतो. हे आत्ता लिहिताना फार शहाणपणाचं वाटतंय, तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट, जी नंतर महत्त्वाची ठरली. प्रकरणाच्या तीन महिने आधी भांडाराच्या शेजारची रिकामी खोली ऑफिसला दिली. तिथे एसी बसला. त्याचा कागद सगळ्या विभागांकडे फिरला होता आणि त्यावर माझीही सही आहे.

काय दिसलं

प्रदर्शनासाठी सहा नोंदवह्या काढायच्या होत्या. सहकाऱ्याने सात नंबरच्या कपाटातल्या सगळ्यात खालच्या फळीवरून पहिली वही ओढली आणि मला हाक मारली. वहीच्या कण्यावर, जिथे शिवणीच्या जाड दोऱ्यांवरून चामडं ताणून बसवलेलं असतं ना, त्या उंचवट्यांच्या दोन्ही बाजूंना पांढरट राखाडी लव आली होती, पीठ भुरभुरल्यासारखी. नीट बघितलं तर त्यात हिरवट टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. आणि वास. कुबट म्हणतो आपण तो, पण भांडारात थोडा कुबट वास कायमच असतो म्हणून कोणी मनावर घेतला नव्हता.

पुढच्या दहा मिनिटांत आम्ही जे केलं ते चांगल्या हेतूने केलं आणि सगळं चुकलं. सहकाऱ्याने पिवळ्या फडक्याने कणा पुसला. लव लगेच गेली, वही स्वच्छ दिसायला लागली, म्हणून त्याच फडक्याने शेजारच्या तीन वह्याही पुसल्या. मग कुबट वास जावा म्हणून मी पंखा फुल्ल लावला.

फडक्याने दोन नुकसानं होतात. ओलसर बुरशी चामड्याच्या रंध्रांत चोळली जाते, तिच्यातलं रंगद्रव्य तिथेच बसतं, मग ते काही केल्या निघत नाही. दुसरं म्हणजे त्याच फडक्यावरचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, पुढच्या वहीवर आपणच नेऊन लावतो. पंख्याचं तर बोलायलाच नको. ॲस्परजिलससारख्या बुरशीचा एक बीजाणू दोन ते पाच मायक्रॉनचा असतो, इतका हलका कण हवेत तासन्‌तास तरंगतो, आणि मी त्याला पंख्याची सोय करून दिली.

त्या रात्री आमच्यातल्या एकाला, ज्याला आधीपासून दमा आहे, श्वासाचा चांगलाच त्रास झाला. आम्ही सगळे रुमाल बांधून काम करत होतो. रुमालाचा यात काहीही उपयोग नसतो.

पहिला निर्णय : आधी नकाशा

दुसऱ्या दिवशी सकाळी एका कन्झर्वेटर मॅडमना, म्हणजे जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्या बाईंना, फोन केला. मला वाटलं औषधाचं नाव सांगतील. त्या म्हणाल्या, "कोणी काही पुसू नका, पंखा बंद करा, दार लावून घ्या, आणि साधे मास्क नकोत, एन-९५ आणा. मग कपाटांचा नकाशा काढा, कुठे बुरशी आहे आणि कुठे नाही. नाही ते जास्त नीट लिहा."

खरं सांगतो, मला तो वेळकाढूपणा वाटला. वस्तूंना बुरशी लागलीये आणि आपण चौकटीच्या कागदावर कपाटं काय काढत बसायची. पण काढली. प्रत्येक फळी, प्रत्येक वस्तूचा नंबर, ती पुढे आहे की मागे टेकून, आणि लाल ठिपका म्हणजे नक्की बुरशी, निळा म्हणजे शंका, मोकळं म्हणजे स्वच्छ. दीड दिवस लागला.

कागद भिंतीवर लावला आणि दोघंही गप्प झालो. आमचा संशय बाहेरच्या भिंतीवर होता, पावसाचं पाणी तिथेच येणार, आणि वर छतातून पाइप जातो त्यावर. बाहेरच्या भिंतीजवळ एकही लाल ठिपका नव्हता. सगळे ठिपके चार ते सात नंबरच्या कपाटांत, खालच्या दोन फळ्यांवर, आणि त्यातही मागे पाठीला टेकून ठेवलेल्या वस्तूंवर. त्याच फळीवर पुढच्या रांगेत असलेल्या वह्या स्वच्छ. ही चार कपाटं आतल्या भिंतीला, म्हणजे ऑफिसच्या भिंतीला चिकटवून ठेवलेली होती.

चारही कपाटांत मिळून २१४ वस्तू. त्यातल्या ६१ वर वाढ, आणि ६१ पैकी १८ वर ती ओली, जिवंत, ब्रश लावला तर फासली जाणारी.

कारण कसं सापडलं

मॅडम चौथ्या दिवशी आल्या आणि आल्या आल्या त्यांनी आमच्या हायग्रोमीटरची परीक्षा घेतली. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घेतलं, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं केलं, ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवलं. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, कोणत्याही खोलीत, कधीही. आमचा काटा सकाळी ७१ दाखवत होता. म्हणजे चार कमी. म्हणजे मी महिनोन्‌महिने वहीत ५८ लिहीत होतो तेव्हा खोलीत ६२ च्या आसपास होतं. ६२ सुद्धा घाबरण्यासारखं नाही, पण मला त्या वहीकडे बघवेना.

मग इन्फ्रारेड थर्मामीटर, तो पिस्तुलासारखा. यात एक गंमत आहे, चकचकीत धातूवर तो हमखास खोटं बोलतो, म्हणून लोखंडी बिजागरीवर मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर नेम धरायचा. खोलीची हवा २७ अंश. बाहेरची भिंत २७. ऑफिसच्या बाजूची भिंत, कपाटाच्या मागे, २१.

पलीकडे ऑफिसमध्ये एसी दिवसभर १८ वर चालत होता आणि त्याचा गार झोत थेट याच भिंतीवर.

आता हिशोब. हवेत बाष्प किती आहे हे तेच राहतं, पण हवा गार झाली की तिची बाष्प धरून ठेवायची ताकद कमी होते, म्हणून तीच हवा गार भिंतीजवळ जास्त दमट होते. २७ अंशांना ६२ टक्के असलेली हवा २१ अंशांच्या भिंतीला टेकली की तिथे साधारण ८९ टक्के होतात. कपाटाची पाठ आतून २३ अंश होती, तिथे ७९. वह्या त्या पाठीला टेकलेल्या, मधून हवा खेळायला बोटभर फट नाही, तीन महिने. पाणी गळायची गरजच पडली नाही. चामडं, खळ, सरस, धूळ हे सगळं बुरशीचं जेवणच, कागदातलं सेल्युलोज पचवायला तिच्याकडे एन्झाइम असतात आणि चामड्यातलं प्रथिन पचवायला वेगळी. फक्त पाणी हवं होतं, ते आम्ही भिंतीतून पुरवलं.

नकाशा आधी काढला नसता तर आम्ही छताचा पाइप बदलला असता. कंत्राटदाराशी बोलणंही झालं होतं.

कोणकोणते पर्याय समोर होते

पाचव्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. पेस्ट कंट्रोलवाला आधीच येऊन बसला होता, त्याचं म्हणणं खोली बंद करून धुरी द्यायची आणि वर फवारणी, दोन दिवसांत काम खलास. ऐकायला फार बरं वाटतं हे. साहेबांना प्रदर्शनाची तारीख दिसत होती, तीन आठवड्यांवर.

मॅडमनी एकेक रसायन घेतलं. थायमॉल पूर्वी भांडारांमध्ये सर्रास वापरायचे, पण त्याचा चर्मपत्रावर आणि काही शायांवर वाईट परिणाम होतो, माणसालाही ते चांगलं नाही, आणि वाफ उडून गेली की संरक्षण शून्य. फॉर्मल्डिहाइड चामड्यातल्या आणि चर्मपत्रातल्या प्रथिनांना आवळून कडक करतं. इथिलीन ऑक्साइड बुरशी खरंच मारतं पण ते कर्करोगकारक आहे, स्फोटक आहे, आणि चामड्यात मुरून नंतर हळूहळू बाहेर येत राहतं, म्हणजे वही वाचणारा माणूस ते हुंगणार. डांबरगोळ्यांचं मीच विचारलं, त्या किड्यांसाठी असतात, बुरशीला त्याचं काही देणंघेणं नाही. यातलं काहीही भिंत गरम करत नाही, ही शेवटची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली.

मग त्यांनी लास्कोचं उदाहरण दिलं. फ्रान्समधली चित्रांची गुहा, १९४० मध्ये सापडली, प्रेक्षकांच्या श्वासाने आणि गर्दीने चित्रं बिघडायला लागली म्हणून १९६३ मध्ये लोकांसाठी बंद केली. २००१ मध्ये, आतली हवा सांभाळणारी यंत्रणा बदलली त्याच सुमारास, पांढरी फ्युझेरियम बुरशी पसरली. जमिनीवर चुना टाकला, बेन्झाल्कोनियम क्लोराईडसारखी जंतुनाशकं वापरली, पांढरी आटोक्यात आली आणि काही वर्षांनी काळे डाग दिसायला लागले. जगातले एवढे मोठे तज्ज्ञ असून औषधाने एक घालवताना दुसरीला जागा झाली, मग आपण एका फवारणीवाल्याच्या भरवशावर? पेस्ट कंट्रोलवाला तेवढ्यात चहा घ्यायला उठला, हे मला अजून आठवतं.

उन्हात ठेवायचा पर्याय आमच्यातल्याच एका ज्येष्ठांनी मांडला. उन्हाने थोडी बुरशी मरेल खरी, पण पुठ्ठे वाकतील, चामडं तडकेल, शाई उडेल. तो लगेच बाजूला पडला. फ्रीझिंगचा विचार जरा जास्त वेळ चालला. गोठवल्याने वाढ थांबते, बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे ते औषध नाही, वेळ विकत घेणं आहे. पूर येऊन शेकडो पुस्तकं चिंब झाली असती तर तेच केलं असतं. आमच्या वह्या सादळलेल्या होत्या, भिजलेल्या नव्हत्या. गॅमा किरणांनी बुरशी मरते पण सेल्युलोजच्या साखळ्याही तुटतात, कागद ठिसूळ होतो, ६१ वस्तूंसाठी ते करण्यात अर्थ नव्हता.

राहिला सगळ्यात कंटाळवाणा पर्याय : वेगळं काढा, हळूहळू सुकवा, सुकल्यावर एकेक पान साफ करा, आणि भिंतीचा प्रश्न सोडवा.

साहेबांनी विचारलं, "पण मग बुरशी मेली हे कळणार कसं?"

मॅडम म्हणाल्या, "मरणार नाही. झोपेल. तिला उठवायचं नाही एवढंच आपल्या हातात आहे."

हे वाक्य साहेबांना अजिबात आवडलं नाही, आणि खरं तर मलाही. आपल्याला 'मेली' ऐकायचं असतं. पण बीजाणू हवेत कायमच असतात, आत्ता तुम्ही बसलाय त्या खोलीतही आहेत, निर्जंतुक भांडार अशी काही चीज नसते. वीस मिनिटं वाद झाला आणि मग साहेबांनी फवारणीला नकार दिला. प्रदर्शनात मूळ वह्यांऐवजी पानांचे फोटो लावायचे ठरले, कारण बंद शोकेसमध्ये सादळलेली वही ठेवली की तिच्यातलं पाणी तिथेच कोंडतं. या नकाराचं श्रेय साहेबांना द्यायला हवं, तारीख त्यांच्या डोक्यावर होती, आमच्या नाही.

काय केलं

६१ वस्तू वेगळ्या खोलीत नेल्या. नेताना पिशवीत बंद, म्हणजे वाटेत बीजाणू सांडू नयेत, पोचल्यावर लगेच पिशवीतून बाहेर. तिथे दुसरा डिह्युमिडिफायर लावून आर्द्रता ६२ वरून सहा दिवसांत ५० वर आणली, रोज दोन-दोन टक्के. घाई केली की पुठ्ठे वाकतात, चर्मपत्र सुरकुततं. वह्या उभ्या, पानं किंचित उघडी.

सुकलं की नाही हे ठरवायची खूण मला फार आवडली, कारण त्याला यंत्र लागत नाही. मऊ ब्रशचं टोक एका कोपऱ्यात हलकेच फिरवायचं, पावडरसारखं उडालं तर तयार, चिकटून रेघ उमटली तर अजून थांबायचं. १८ पैकी ५ वह्या आठव्या दिवशीही रेघ देत होत्या.

साफसफाई हेपा फिल्टरच्या व्हॅक्युमने. साधा व्हॅक्युम अजिबात नाही, तो पुढून ओढतो आणि मागून बीजाणू सगळ्या खोलीत फुंकतो, हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. ओढ सगळ्यात कमी ठेवायची, नळीच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधायची म्हणजे सुटा तुकडा आत जाणार नाही, एका हाताने ब्रशने लव नळीकडे ढकलायची. प्रत्येक पान, आणि दोन पानांच्या मधली घळ, सगळ्यात जास्त तिथेच साठलेलं असतं. एका वहीला पाऊण तास ते दोन तास. एन-९५, नायट्राइलचे हातमोजे, ॲप्रन, डोक्याला टोपी. दमेवाल्या सहकाऱ्याला या खोलीत येऊ दिलं नाही, त्याने नोंदींचं काम केलं. दोघं मिळून पाच आठवडे लागले.

फळ्या आणि कपाटं ७० टक्के अल्कोहोलने पुसली. शंभर टक्के का नाही असं सगळे विचारतात, तर शुद्ध अल्कोहोल पटकन उडून जातं आणि पेशीतलं प्रथिन मोडायला थोडं पाणी लागतंच. वस्तूंवर अल्कोहोल फक्त पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूच्या पानावर, तेही चाचणी करून.

आणि इथे मी एक वही बिघडवली. चाचणी काळ्या शाईवर केली, ती हलली नाही, म्हणून पुढे गेलो. त्याच पानावर समासात लाल शाईच्या खुणा होत्या. कापसाचा बोळा जवळ गेला आणि लाल रंग पाण्यात कुंकू सुटावं तसा पसरला, दीड सेंटीमीटर. प्रत्येक रंगाची चाचणी वेगळी करायची हे मला माहीत होतं. दुपारचे साडेचार वाजले होते आणि ती त्या दिवसातली सहावी वही होती, दुसरं कारण नाही.

भिंतीचं काम

ऑफिसवाल्यांना एसी १८ वरून २५ वर न्या म्हणणं हे बुरशी काढण्यापेक्षा अवघड निघालं. त्यांना वाटलं आम्ही वीजबिल वाचवतोय. शेवटी त्यांच्यातल्या एकीला भांडारात आणून भिंतीला हात लावायला सांगितलं आणि मग सहा नंबरच्या कपाटातली वही दाखवली. त्या दिवशी संध्याकाळी २५ झालं, झोताची दिशाही बदलली.

मधेच देखभालवाल्यांनी एक सुचवलं, भांडाराच्या बाजूने भिंतीला थर्माकोलचे शीट चिकटवा, म्हणजे गारवा येणार नाही. मी हो म्हणणारच होतो. मॅडम नाही म्हणाल्या. दमट हवा आपल्या बाजूला आहे, ती फटींतून शीटच्या मागे जाणार, तिथे भिंत आणखी गार, म्हणजे शीटमागे आपल्याला न दिसणारी बुरशी. शीट लावायचंच तर पलीकडून, ऑफिसच्या बाजूने, म्हणजे भिंत आपल्या बाजूला उबदार राहील. तसंच केलं.

कपाटं भिंतीपासून १५ सेंटीमीटर पुढे ओढली, प्लायच्या पाठी काढून तिथे जाळी लावली, सगळ्यात खालची फळी रिकामी ठेवली, आणि वह्या मागे टेकवायच्या नाहीत म्हणून प्रत्येक फळीवर मागे एक पट्टी ठोकली. मंद वेगाचा एक पंखा, झोत वस्तूंवर न येता कपाटांमागून फिरेल असा. खांबावरचा काटा तिथेच आहे पण आता पाच छोटे डेटा लॉगर, म्हणजे रीडिंग आपोआप टिपत राहणारी यंत्रं, आहेत, त्यातले चार वह्यांच्या मागे. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना मिठाच्या पिशवीत बसवतो.

निकाल

६१ पैकी ५२ वस्तू साफ होऊन परत गेल्या, वाचता येण्यात काही कमी नाही. पाच वह्यांवर कायमचे डाग राहिले, त्यातल्या चार पहिल्या दिवशी फडक्याने पुसलेल्या, म्हणजे ते आमचं काम, बुरशीचं नाही. पाचवीच्या कण्यावरचा चामड्याचा वरचा थर मऊ पडून पावडरसारखा सुटतो, ती पेटीत आडवी ठेवली आहे.

उरलेल्या चार पाचव्या आठवड्यानंतर परत लागल्या. सगळे हादरलो. कारण साधं होतं, त्या ब्रशच्या चाचणीत पास झाल्या पण आतली घळ सुकली नव्हती, आणि 'आता धूळ नको बसायला' म्हणून कोणीतरी त्या पॉलिथीनच्या पिशवीत बंद केल्या. कोणीतरी म्हणजे मी. आता साफ झालेली वस्तू कागदी पेटीत जाते, आणि पहिले दोन महिने दर आठवड्याला उघडून बघतो.

डागांवरून बरीच चर्चा झाली, ब्लीच करून काढता येतील का वगैरे. मॅडम इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्याबद्दल बोलल्या. १९२२ मध्ये ते सापडलं तेव्हाही भिंतीवरच्या चित्रांवर तपकिरी ठिपके होते. ते वाढताहेत की काय म्हणून गेटी कन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने तपासलं, जुन्या फोटोंशी ताडून पाहिलं, ठिपके वाढलेले नाहीत, ज्या सूक्ष्मजीवांनी ते केले ते कधीच मेलेत. रंग आत मुरलाय म्हणून ठिपके तसेच ठेवले. आम्हीही ठेवले. फक्त प्रत्येक डागाचा मोजपट्टीसकट फोटो काढून ठेवलाय, पुढच्या माणसाला तो वाढला की नाही हे कळावं म्हणून.

परत करायचं झालं तर

पहिली गोष्ट, पहिल्या तासात हात मागे. लव दिसली की फोटो, वस्तू आहे तिथे, पंखा बंद, लोक बाहेर. मास्कचा डबा आता भांडाराच्या दाराशीच टांगलेला आहे, आत नाही, कारण आत असेल तर तो घ्यायला माणूस मास्कशिवाय आत जातो.

मी पहिल्याच दिवशी फोन करायला हवा होता. एक दिवस थांबलो कारण वाटलं की आपल्याच भांडारात बुरशी लागली हे सांगायचं कसं. त्या एका दिवसात पंखा सहा तास चालला.

वेळेचा अंदाज आमचा साफ चुकला. दोन आठवडे धरले होते, पाच लागले, आणि थकल्यावर मी लाल शाई पसरवली. परत केलं तर दिवसाला तीनच वह्या, आणि अल्कोहोल फक्त सकाळी.

यंत्रांच्या बाबतीत, एक महागडं हायग्रोमीटर खोलीच्या मध्यात ठेवण्यापेक्षा पाच स्वस्त लॉगर वाईट जागी ठेवले असते तर हे तिसऱ्या आठवड्यातच दिसलं असतं. वाईट जागा शोधायला डोकं लागत नाही, दुपारी भिंतींवरून हाताचा तळवा फिरवायचा, गार लागेल तिथे लॉगर.

आणि तो सहीचा कागद. आता शेजारच्या कुठल्याही खोलीचा वापर बदलणार असेल तर फॉर्ममध्ये एक जास्तीची ओळ आहे, 'भांडाराला लागून असलेली भिंत कोणती'. ती ओळ माझ्या हट्टामुळे आली, लोक हसले, पण गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी बसवायचा विचार याच ओळीमुळे आधी माझ्याकडे आला.

आजचं रीडिंग घेतलं ते सांगतो. सात नंबरच्या मागे ५६, सहाच्या मागे ५७, पाचच्या मागे ५७. चारच्या मागे ६४ आहे आणि तीन दिवसांपासून तसंच आहे. तिथली भिंत गार नाही. खालच्या फळीवरच्या आठ वह्या सकाळी बाहेर काढून ठेवल्यात आणि चौकटीचा कागद परत घेतलाय.